विक्रीनंतरचा धडा कधी शिकवणार?
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या विपणन अभ्यासमंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
विपणन विषयाची अभ्यासमंडळे,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे



नव्या शैक्षणिक धोरणामुळे गेली काही वर्षे आपण सगळेच अभ्यासक्रमांच्या फेररचनेत गळ्यापर्यंत बुडालो आहोत. श्रेयांकांची जुळवाजुळव, मुख्य आणि वैकल्पिक विषयांची वाटणी, तासांचा हिशेब यांतून मान वर काढायला फुरसत नाही. या धांदलीत बी.कॉम., बीबीए आणि एमबीएच्या विपणनात ‘शाश्वत उपभोग’ आणि ‘सामाजिक जबाबदारी’ हे शब्द येऊन बसले, हे चांगलेच झाले. पण ते कुठे बसले, ते पाहा. बहुतेक ठिकाणी अगदी शेवटच्या घटकात, ‘विपणनातील नवे प्रवाह’ या मथळ्याखाली, इन्फ्लुएन्सर मार्केटिंगच्या शेजारी. तोवर सत्र संपत आलेले असते, अंतर्गत परीक्षा डोक्यावर असते आणि तो घटक एका तासात उरकला जातो. विद्यार्थी चार ओळींची टीप पाठ करतो, पाच गुण पदरात पाडून घेतो आणि मोकळा होतो.

मी बरीच वर्षे साबण-शाम्पूच्या विक्रीत काढली आणि आता अभ्यागत प्राध्यापक म्हणून तोच विषय शिकवते. माझे मागणे एकच आहे. हा विषय शेवटच्या घटकातून उचला आणि वस्तू, किंमत, वितरण, जाहिरात या मूळ धड्यांच्या पोटात घाला. आज वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात पडली की आपला धडा संपतो. फार तर ‘विक्रीपश्चात सेवा’ म्हणून एक परिच्छेद असतो. त्या वस्तूचे पुढे काय होते, ती कुणाच्या हाती पडते आणि त्याचा खर्च कोण उचलतो, हे आपण शिकवत नाही. ते शिकवले, तर शाश्वततेवर वेगळे व्याख्यान द्यावेच लागणार नाही.

वेगळा पेपर काढा, असेही कुणी सुचवेल. त्याचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला आणि पुढे पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा विषय आला. हेतू उत्तम होता. आज त्या प्रकल्पवह्यांचे काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. गेल्या वर्षीच्या वहीवरचे नाव बदलून ती याही वर्षी जमा होते. विपणनातल्या जबाबदारीचा वेगळा पेपर निघाला, तर त्याचीही तीच गत होईल.

मूळ धड्यांत हे कसे घालता येते, याची दोन-चार उदाहरणे देते.

वेष्टनाचा धडा घ्या. मी एकदा वर्गाला सांगितले, दिवसभरात जे काही विकत घ्याल त्याची वेष्टने फेकू नका, घेऊन या. दुसऱ्या दिवशी टेबलावर ढीग झाला. तो पिशवीत भरून आम्ही जवळच्या भंगाराच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काही न बोलता दोन वाटे केले. पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पुठ्ठा आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा काट्याच्या बाजूला; चिप्सची पाकिटे, चॉकलेटची आणि बिस्किटांची वेष्टने, शाम्पूच्या पुड्या, सॉसच्या चिमुकल्या पुड्या दुसऱ्या बाजूला. ‘हे का नाही घेत?’ एका मुलाने विचारले. दुकानदाराने चिप्सचे पाकीट मुठीत चुरगाळले आणि मूठ उघडली. पाकीट पुन्हा फुगून उभे राहिले. ‘ह्याचं काही येत नाही, कोणी घेतच नाही पुढं.’

आता पाठ्यपुस्तक उघडा. मालाचे संरक्षण, माहिती, आकर्षण, हाताळणीची सोय ही वेष्टनाची कार्ये. चिप्सचे पाकीट या सगळ्या कसोट्यांना उतरते. प्लास्टिकचे थर, त्यांवर धातूचा अतिपातळ लेप, आत नायट्रोजन. चिप्स आठवडेच्या आठवडे कुरकुरीत. परीक्षेत हे उदाहरण लिहिणाऱ्याला आपण पूर्ण गुण देतो. पण नेमके हेच थर एकमेकांपासून सहज सुटत नाहीत, म्हणून भंगारात त्याला भाव नाही. ज्या गुणामुळे पाकीट दुकानात खपते, त्याच गुणामुळे ते उकिरड्यावर पडून राहते, हे वेष्टनाच्या धड्यातच यायला हवे. केंद्राच्या प्लास्टिक कचरा नियमांनी बहुथरी वेष्टनांचा वेगळा गट केला आहे. फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादक, आयातदार आणि ब्रँड मालक यांच्यावर येते. ब्रँड मालकाच्या कचेरीत वेष्टनाचा निर्णय घेणारा ब्रँड मॅनेजर कुठून येतो? आपल्याच वर्गातून.

दुसरे उदाहरण सॅनिटरी नॅपकिनचे. हा आपल्या वर्गांचा लाडका विषय आहे. कुणी उघड बोलत नव्हते अशी वस्तू घराघरांत कशी पोहोचली, पडद्यावर निळे पाणी ओतून शोषणक्षमता कशी दाखवली, मुली यावर सुरेख सादरीकरणे करतात. सादरीकरण बाजारातल्या हिश्श्याच्या आकड्यावर संपते. पुण्यात कचरा गोळा करणाऱ्या बाईचे काम तिथून पुढे सुरू होते. सुका कचरा वेगळा करताना वर्तमानपत्रात गुंडाळलेले, कधी नुसतेच टाकलेले नॅपकिन तिच्या हाताला लागतात. पाकिटात काय आहे, हे उघडल्याशिवाय कळत नाही आणि उघडावे तर हात घाण होतात.

पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातून २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. या बायकांनी काय केले, ते विपणनाच्या कुठल्याही पुस्तकात शोभेल. त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांपासून नॅपकिन टाकण्यासाठी खास पिशव्या बनवल्या. गुंडाळलेल्या नॅपकिनवर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला न उघडता कळेल, अशी मोहीम चालवली. २०१३ मध्ये तर त्यांनी वापरलेल्या नॅपकिनांच्या पिशव्या थेट उत्पादक कंपन्यांच्या कार्यालयांकडे रवाना केल्या. तुमचा माल आहे, तुम्ही सांभाळा. पुढे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कलम आले. नॅपकिन आणि डायपर बनवणाऱ्या, त्यांचा ब्रँड चालवणाऱ्या आणि त्यांचे विपणन करणाऱ्या कंपन्यांनी पुनर्वापर होईल असा कच्चा माल वापरता येतो का हे पाहावे, नाहीतर प्रत्येक नगासोबत विल्हेवाटीची पिशवी द्यावी. आणि ते कसे गुंडाळायचे, कसे टाकायचे, याचे लोकशिक्षणही करावे. विपणन करणाऱ्या कंपन्यांचा उल्लेख त्या नियमांत स्पष्ट होता. आपल्या अभ्यासक्रमात मात्र त्याचा मागमूस नाही.

या एका प्रकरणात आपले चारही घटक सापडतात. पिशवी हा वस्तूचाच भाग मानायचा की नाही? तिचे पैसे किमतीत धरायचे की नफ्यातून सोसायचे? जाहिरातीच्या तीस सेकंदांतले पाच सेकंद लाल ठिपक्याला दिले तर खप घटेल की विश्वास वाढेल? मुलांना दुकानात पाठवून निरनिराळी पाकिटे उघडायला लावा. पिशवी आत आहे का, असली तर तिच्यावर सूचना कोणत्या भाषेत आहे, हे त्यांनाच नोंदवू द्या.

तिसरे उदाहरण वितरणाचे. कारखाना, स्टॉकिस्ट, डिस्ट्रिब्युटर, किरकोळ दुकानदार, गिऱ्हाईक अशी साखळी आपण फळ्यावर काढतो आणि बाण नेहमी एकाच दिशेने दाखवतो. मुंबईत आरेचे दूध काचेच्या बाटलीतून येत होते तेव्हा बाण दोन्ही दिशांना होता. रिकामी, धुतलेली बाटली घेऊन केंद्रावर जायचे आणि भरलेली आणायची, हा घराघरातला रोजचा क्रम होता. शीतपेयांचा सेल्समन भरलेला क्रेट उतरवायचा तेव्हाच रिकामा क्रेट उचलून गाडीत टाकायचा. दुकानदाराचे डिपॉझिट अडकलेले असल्यामुळे बाटली सहसा हरवत नसे. पिशवी आणि प्लास्टिकची बाटली आली, कंपनीची काच, धुलाई आणि परतीचे भाडे वाचले. तो खर्च नाहीसा झाला नाही. तो नगरपालिकेच्या अंगावर आला.

शासनाने तो बाण पुन्हा वळवायचा प्रयत्न केला. मार्च २०१८ च्या महाराष्ट्राच्या प्लास्टिकबंदी अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतावा द्यावा, अशी तरतूद होती. आपल्यापैकी कितीजणांनी ते ५० पैसे परत घेतले? गिऱ्हाइकाला कटकट, दुकानदाराला जागा नाही, हिशेब ठेवायला वेळ नाही, डेअरीला उत्साह नाही. कायद्याचे पुस्तक इथे संपते आणि आपल्या विषयाचे सुरू होते. परताव्याची रक्कम किती असावी? एकेक पिशवी आणायची की महिन्याचा गठ्ठा? दूध टाकणाऱ्या पोऱ्यालाच कमिशन दिले तर? दुकानदाराला त्यात काय मिळेल? चार हुशार मुलांना एक सत्रभर हा एकच प्रश्न द्या. वितरणाविषयी ती जे शिकतील, ते दहा परदेशी केस स्टडींतून शिकणार नाहीत.

आणि लोक रिकामे वेष्टन परत आणतच नाहीत, असे कुणी म्हणाले, तर त्याला चिक शाम्पूची गोष्ट सांगा. तामिळनाडूतल्या कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू पुडीत भरून विकण्याची वाट दाखवली. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये स्वतःचा धंदा सुरू करून चिक बाजारात आणला. त्यांची एक योजना होती: कुठल्याही शाम्पूच्या रिकाम्या पुड्या आणा आणि चिकची भरलेली पुडी फुकट न्या. पुढे त्यांनी अट बदलली. फक्त चिकच्याच रिकाम्या पुड्या चालतील. गिऱ्हाईक दुकानदाराकडे चिकच मागू लागले. म्हणजे पुडी परत आणण्याची सवय लावणे जमत होते. मात्र ती लावली होती आणखी पुड्या विकण्यासाठी. मी स्वतः या पुड्यांच्या माळा गावोगावच्या दुकानांच्या दारांवर टांगल्या आहेत. मोठी बाटली ज्यांना एकदम परवडत नाही, त्यांना एक-दोन रुपयांत डोके धुता आले, हेही खरे आणि त्या पुडीचे पुढे काय करायचे हे आम्हाला कुणी विचारले नाही, हेही खरे. सी. के. प्रल्हाद यांनी गरिबांच्या बाजारपेठेवरच्या २००४ च्या पुस्तकात छोट्या पुडीचे कौतुक केले. अनिल कर्नानी यांनी त्या साऱ्या मांडणीवर टीका केली. दोघेही शिकवा. वाद रंगू द्या.

वस्तूचे आयुष्य हा आणखी एक धडा. १९२४ मध्ये जिनिव्हात जगातल्या बड्या बल्ब कंपन्यांनी ‘फीबस’ नावाची आघाडी केली आणि बल्ब १,००० तासांहून जास्त टिकू नये, असे ठरवले. ज्याचा बल्ब जास्त टिकेल, त्या कंपनीला दंड. हे वर्गात सांगितले की मुलांचे डोळे विस्फारतात. पण तिथेच थांबू नका, त्याच्या शेजारी २०१५ ची उजाला योजना ठेवा. सरकारी कंपनीने एलईडी बल्ब इतक्या मोठ्या संख्येने एकगठ्ठा खरेदी केले, की खरेदीची किंमत ३१० रुपयांवरून ३८ रुपयांपर्यंत उतरली. वीजबिल दाखवा आणि बल्ब घ्या. एकदम पैसे नसतील तर महिन्याला दहा रुपये बिलातच कापले जातील. ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. यात पर्यावरणावर प्रवचन कुठेच नव्हते. होते ते किमतीचे, हप्त्याचे आणि वितरणाचे नियोजन, म्हणजे अस्सल विपणन. तरी शेवटचा प्रश्न विचाराच: प्रकाश स्वस्त झाल्यावर आपण दिवे वाढवले का? इमारतींवरच्या रोषणाया बघून मुले उत्तर शोधतील. काटकसरीची वस्तू मिळाली म्हणून माणूस काटकसरी होतोच असे नाही, हेही त्यांना कळू द्या.

कायद्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण इथे आपल्या नोट्स कालबाह्यच नव्हे, तर चुकीच्या आहेत. सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचे, फायदे लिहा, या प्रश्नाला विद्यार्थी हमखास लिहितो: ‘ब्रँडची प्रतिमा उंचावते.’ आपण बरोबरची खूण करतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. २०२१ च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिले आहे, की आपल्या मालाला विपणनाचा फायदा व्हावा म्हणून प्रायोजकत्व देऊन केलेला खर्च यात धरता येणार नाही. नेहमीच्या धंद्याचा भाग असलेले कामही धरता येत नाही. सरळ अर्थ असा, की दोन टक्के वाटून टाकले म्हणून उरलेल्या अठ्ठ्याण्णवांची जबाबदारी फिटत नाही. विद्यार्थ्याला त्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांकडे बघायला शिकवायचे, तर सीएसआर जाहिरातीच्या धड्यातून बाहेर काढावा लागेल.

हिरव्या दाव्यांचेही तसेच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाविषयीच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. ‘पर्यावरणस्नेही’, ‘नैसर्गिक’, ‘हरित’ असे मोघम शब्द आता पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्या खेपेस १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आपण मात्र अजून ‘ग्रीन मार्केटिंग’च्या असाइनमेंटमध्ये हिरवे पान, मातकट रंगाचा कागद आणि तागाची दोरी असलेल्या वेष्टनाला सर्जनशीलतेचे गुण देतो. त्याच मुलांना एकदा दुकानातल्या फळीवरचे दावे उतरवून आणायला सांगा आणि प्रत्येक दाव्यापुढे ‘पुरावा कुठे?’ हा रकाना भरायला लावा. जाहिरातीचा मजकूर लिहिण्याची याहून चांगली तालीम नाही.

तुमच्या बैठकीत एक हरकत येणार, हे मला ठाऊक आहे. मुलांना नोकऱ्या लागायला हव्यात. महिनाअखेरीला टार्गेट पूर्ण करायचे असते तेव्हा एरिया मॅनेजर पुडीचे पुढे काय झाले हे विचारत नाही. कमी विका असे सांगणारा पोरगा कॅम्पस मुलाखतीत टिकेल का? ही हरकत खोटी नाही. विक्रीवाढ आणि संयमित उपभोग यांत खरोखर ताण आहे आणि तो दोन-चार चतुर शब्दांनी मिटवता येणार नाही. काही प्रश्नांचे बरोबर उत्तर ‘ही वस्तू कमी विका’ असेच निघेल. पण गिऱ्हाइकाची मागणी मुद्दाम कमी करणे हेही विपणनाचेच काम आहे, हे फिलिप कोटलर आणि सिडनी लेव्ही यांनी १९७१ मध्येच लिहून ठेवले होते. ज्या कोटलरांच्या पुस्तकावर आपला अर्धा अभ्यासक्रम उभा आहे, त्यांचेच हे म्हणणे.

शिवाय नोकरीचेच बोलायचे, तर वेष्टनाची जबाबदारी, हिरव्या दाव्यांचे पुरावे आणि सेबीने बड्या सूचिबद्ध कंपन्यांना सक्तीचा केलेला शाश्वतता अहवाल ही कामे कुणीतरी करणारच आहे. आज ती बहुधा अभियंते, वकील आणि सनदी लेखापाल करतात. ब्रँडचे निर्णय घेणारा त्या बैठकीत गप्प बसतो, कारण त्याला त्यातले काही शिकवलेलेच नाही. विद्यार्थ्याला साधू बनवा, असे मी म्हणत नाही. वेष्टनाचा एक थर कमी केला तर खर्च किती बदलेल, माल किती दिवस टिकेल आणि दंडाचा धोका किती घटेल, हे आकड्यांत मांडून वरिष्ठांशी भांडता येईल इतके त्याला शिकवा. नीतीचा मुद्दा हिशेबाच्या कागदावर मांडता आला, तर तो ऐकला जाण्याची शक्यता वाढते. एवढे करूनही वरिष्ठांनी नाही म्हटले तर काय करायचे, याची चर्चाही वर्गात व्हावी. नोकरीच्या पहिल्या वर्षातच तो प्रसंग येतो.

म्हणून अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीसाठी माझ्या विनंत्या अशा. शेवटच्या घटकातला ‘शाश्वत विपणन’ हा मुद्दा काढून टाकला तरी चालेल. त्याऐवजी वस्तू, किंमत, वितरण आणि जाहिरात या चारही घटकांत वापरानंतरच्या टप्प्याचा एकेक उपघटक सक्तीचा करा. समर इंटर्नशिपच्या अहवालात, विकलेल्या मालाचे वापरानंतर काय होते, यावर एक प्रकरण मागा. तोंडी परीक्षेत त्यावरच प्रश्न विचारा, म्हणजे जुनी वही चालणार नाही. आपल्याच गावांतल्या केस स्टडी लिहून घ्या, मराठीतही लिहून घ्या. दुधाची पिशवी, उसाच्या रसाचा प्लास्टिकचा पेला, गणपतीची मूर्ती, लग्नातल्या पाण्याच्या बाटल्या, विषयांना तोटा नाही. कंपनीच्या अधिकाऱ्याला पाहुणा वक्ता म्हणून बोलावताना जे मानधन आणि जो मान देता, तोच कचरावेचक ताईंना आणि भंगाराच्या दुकानदारालाही द्या. आणि शिक्षकांसाठी उजळणी वर्ग घ्या, कारण यातले बरेचसे आम्हालाही कुणी शिकवलेले नाही.

हे सगळे मंजूर होऊन विद्या परिषदेतून बाहेर पडायला वेळ लागेल, हे मी समजू शकते. तोवर प्रश्नपत्रिका तर आपल्याच हातात आहे. येत्या सत्रात विपणनाच्या पहिल्याच पेपरात, सक्तीच्या प्रश्नांत, हा एक घाला:

‘तुम्ही गेल्या आठवड्यात विकत घेतलेली कोणतीही एक वस्तू निवडा. ती वापरून झाल्यावर तिचे व तिच्या वेष्टनाचे काय झाले, ती कोणाकोणाच्या हातून गेली आणि प्रत्येक टप्प्याचा खर्च कोणी केला, ते लिहा. त्यावरून त्या वस्तूच्या वेष्टनात, किमतीत किंवा वितरणात असा एक बदल सुचवा, जो तुमच्या विक्रीप्रमुखाला आकड्यांनिशी पटवता येईल. (१५ गुण)’

त्याचे आदर्श उत्तर तयार करायला बसलात, की अभ्यासक्रमात नेमके काय कमी आहे, ते आपोआप समोर येईल. उत्तरपत्रिका तपासायला मी आनंदाने येईन.



आपली,
विपणन शिकवणारी एक अभ्यागत प्राध्यापक